शून्याचे वाफे

तिसऱ्यांदा वजन केलं तरी काटा तिथंच थांबला. दोन किलो साठ ग्रॅम.

"बारदानाचं वजन वजा केलंत का, पाटणेबाई?" डॉक्टर अकिवाट्यांनी विचारलं.

केलं होतं. एकदा नाही, दोनदा केलं होतं. मी तशी तोंडाळ बाई, एरवी म्हटलं असतं की साहेब, मला वजाबाकी येते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून जीभ उचलली नाही. आठ दिवस उन्हात वाळवलेल्या भुईमुगाच्या शेंगा, बारा वाफ्यांच्या बारा पिशव्या, आणि तिकाटण्याला टांगलेला काटा. एवढाच संसार समोर मांडलेला होता. साहेबांनी ती पिशवी खाली उतरवून घेतली, तोंड सोडून आत हात घातला आणि मूठभर शेंगा बाहेर काढून बघत बसले. शेंगा चांगल्या टपोऱ्या होत्या. तेच तर दुखणं होतं.

ही पिशवी होती शून्याच्या वाफ्याची. म्हणजे ज्या वाफ्यात आम्ही काही म्हणजे काहीच घातलं नव्हतं, त्याची. आणि ज्यात कारखान्याची मळी घातली होती, त्याची पिशवी भरली होती दोन किलो शंभर. चाळीस ग्रॅमचा फरक. उंदरानं चार शेंगा नेल्या तरी तेवढा पडतो.

ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. मी चोवीस वर्षांची, कृषी पदविका घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली, अजून कायम न झालेली. घाटमाथ्यावरच्या आमच्या तालुक्यात माती तांबडी. दिसायला देखणी, पण पिकाच्या बाबतीत महाकवडीचुंबक. पिकाला लागतं ते स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ही माती आपल्याजवळ घट्ट धरून बसते, मुळाला सोडत म्हणून नाही. भुईमूग लावावा तर वेल हिरवागार आणि शेंग पोचट, दाबली की फट् वाजते आणि आत फोलपट. पिढ्यान्‌पिढ्या लोक तेच खात आले, आणि आपल्या नशिबालाच बोल लावत आले.

डॉक्टर अकिवाटे आमच्या खात्याचे मातीचे शास्त्रज्ञ, मूळचे शिरोळकडचे. तिकडची काळी माती आणि उसाचे मळे बघत वाढलेला माणूस आमच्या माळावर कशाला येऊन पडला, कुणाला कळायचं नाही. त्यांना एकच वेड होतं, मळीचं. ऊस गाळून रस तापवतात, निवळतात, तेव्हा गाळणीवर जो काळपट चोथा उरतो ती मळी. खालच्या अंगाला कारखाना होता, त्याच्या मागं तिचे डोंगर साचायचे, वास असा की एसटी त्या वळणावर आली की लोक नाकाला पदर लावायचे. साहेब म्हणायचे, त्या घाणीत स्फुरद आहे, आणि नीट कुजवून घातली तर तांबडी माती ते एवढं घट्ट धरत नाही. चहाच्या टपरीवर, एसटीत, कुणाच्या बारशाला गेले तरी तेच. लोक त्यांना मळीसाहेब म्हणायचे. तोंडावर म्हटलं तरी ते हसायचे.

पहिल्या वर्षी प्रयोगानं त्यांना हात दिला होता. चार वाफ्यांत मळी, चार वाफ्यांत पिशवीतलं सुपर फॉस्फेट, आणि चार वाफे शून्य. शून्यात निघाली बाराशे ग्रॅम शेंग आणि मळीत दोन किलो. साहेब त्या दिवशी बांधावर बसून चक्क गाणं म्हणाले होते, आणि देवानं त्यांना गळा दिलेला नव्हता. कारखान्याच्या मंडळानं सांगितलं, एका वर्षाचं आम्ही धरत नाही. दुसऱ्या वर्षीही असंच निघालं तर गाळपाच्या हंगामात मळीच्या गाड्या वरच्या चौदा गावांना फुकट पोचवू. नाही निघालं तर वीटभट्टीवाले मागताहेतच, वाळवून जाळायला.

चौदा गावांतल्या शेतकऱ्यांची यादी मीच केली होती. पहिलं नाव होतं तानूबाईचं.

तानूबाई नाईक म्हणजे आमच्या प्रयोगाची राखणदारीण. पहिल्या वर्षी जो गडी होता तो मुंबईला गेला, म्हणून दुसऱ्या वर्षी हिला घेतली. पंचावन्नच्या पुढची, काटक, कमी बोलणारी. नवरा कधीच गेलेला, लेक सासरी. माळाच्या वरच्या अंगाला तिची एकटीची एक पट्टी होती, आणि त्या पट्टीत पोचट शेंगेपलीकडं काही येत नव्हतं. यादीवर अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवसापासून बाईनं आपल्या रानातले धोंडे वेचायला सुरुवात केली. गाडी आत यायला वाट पाहिजे म्हणे. मी म्हटलं, अगं अजून प्रयोग व्हायचाय. ती म्हणाली, "व्हतोय की." संपलं.

तिनं ते बारा वाफे लेकरासारखे सांभाळले. तण दिसायचा अवकाश, की उपटलंच. गुरं फिरकू दिली नाहीत. साहेब म्हणायचे, अशी माणसं मिळाली तर मी सगळा तालुका पिकवून दाखवीन.

आणि आता ही दोन किलो साठची पिशवी.

बाकीच्या तीन शून्यांचंही तेच निघालं. साहेबांनी वहीत आकडे लिहिले आणि टोपण लावलं. मग मला म्हणाले, यंदा बी चांगलं मिळालं, निगा चांगली राहिली, पाऊस वेळेवर झाला, म्हणून शून्यसुद्धा पिकलं. मळीचं त्यात काही श्रेय नाही. गेल्या वर्षीचा फरक योगायोगाचा असणार. मी म्हटलं, साहेब, अजून एक वर्ष मागून घेऊ. ते म्हणाले, "कोण देणार? उद्या अकरा वाजता मंडळापुढं जायचंय. जे आहे ते वाचून दाखवीन." आणि जीपमध्ये बसून गेले. जाताना रोज तानूबाईला हाक मारायचे, त्या दिवशी मारली नाही.

मी आणि तानूबाई पिशव्या आवरत राहिलो. तिला एवढं कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. तिनं विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, ज्यांना मळी घातली ते आणि ज्यांना काहीच घातलं नाही ते, दोघं सारखेच पिकले. म्हणजे मळीचा उपयोग नाही असं ठरलं.

ती हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली.

"काहीच घातलं न्हाई ते कंचे?"

मी पांढऱ्या खुंट्यांचे चार वाफे दाखवले.

"त्यास्नी घातली की मी," ती म्हणाली.

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, काय घातली? कधी?

"मळी. तुमी आठात घातलं न्हवं त्याच दिशी. तुमी लवकर गेलासा, मी माती ओढत व्हतो. चौघात मळी, चौघात पिशवीतलं, आन् ही चार आपली तशीच. ढीग तर उरला व्हता की बांधाला. दोन दोन पाट्या घातल्या त्यास्नी बी. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"पण का? सांगितलं होतं ना तुला, ह्या चौघांना काही द्यायचं नाही म्हणून?"

"व्हय, तुमी म्हनलासा, ह्यांचा उपास हाय." ती माझ्याकडं अशी बघत होती की मीच काही अडाण्यासारखं विचारलंय. "एका पंगतीला बसवायचं, आन् चौघांम्होरं पान रिकामं ठेवून म्होरं जायाचं? मला न्हाई बाई जमलं. वाढपी असं करत न्हाई."

मी पिशवी खाली ठेवली.

उपास. तो शब्द माझाच. पेरणीच्या आधी तिनं विचारलं होतं, ह्या चौघांना का नाही, तेव्हा मी माझ्या स्वभावाप्रमाणं थट्टेत उत्तर दिलं होतं. दोन मिनिटं बसून सांगितलं असतं, की अगं, ज्याला काही दिलं नाही असा एक शेजारी हवा, त्याशिवाय दिलेल्याचा गुण कळत नाही, तर तिला कळलं असतं. ती काही खुळी नव्हती. पण मला तेवढा वेळ कुठं होता? आणि राखणदारणीला कारण सांगायची रीत आमच्या खात्यात कुणालाच नव्हती, साहेबांनाही नव्हती.

मी लवकर गेल्याची गोष्ट मात्र सगळी माझी एकटीची. नियम असा होता की मळी घालून, माती ओढून होईपर्यंत सहायकानं जागेवरच थांबायचं आणि उरलेला ढीग मोजून झाकायचा. त्या दिवशी बेळगावला मावशीकडं मला बघायला पाहुणे येणार होते. मी तीनची एसटी धरली. आणि रजिस्टरला सही केली: सायंकाळी साडेसहापर्यंत हजर. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि कळवतो म्हणाले. अजून कळवायचेत.

नंतर एकदा मला शून्याच्या वाफ्यात काळे कण दिसलेही होते. वाटलं, वरच्या वाफ्यातनं पावसानं वाहून आले असतील. ढीगही कमी वाटला होता. तोही पावसानंच नेला असेल म्हटलं. माणसाला जे बघायचं नसतं त्याला पाऊस फार उपयोगी पडतो.

तानूबाईला मी काही बोलले नाही. ती मात्र माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, जाऊ द्या, साहेबास्नी वाईट वाटलं असंल, पर पिकलं तर सगळंच. तिच्या लेखी बाराच्या बारा वाफे भरले होते, आणि ह्यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे हे तिला उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची जीप मला घ्यायला आली. रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होते. साहेब, एक सांगायचंय. साहेब, शून्य खरं शून्य नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. कारखान्याचं वळण आलं, तो वास आला, साहेबांनी खिडकीची काच खाली केली आणि मळीच्या ढिगाकडे बघत राहिले. त्यांचं बोलण्याचं लक्षण नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, आत गेल्यावर सांगू. माझी पाचावर धारण बसली होती, खरं ते हेच. कायम होण्याचे कागद वर गेलेले, दोन महिन्यांत हुकूम यायचा होता. रजिस्टरची सही खोटी निघाली असती तर मी घरी. घरी म्हणजे वडिलांच्या जिवावर, आणि वडील आधीच अंथरुणाला खिळलेले.

कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये बैठक होती. सहा-सात संचालक, चहाच्या बश्या, वर पंखा. साहेबांनी उभं राहून निकाल वाचला. एकही आकडा लपवला नाही, आवाजही बदलला नाही. शेवटी म्हणाले, सबब, या जमिनीत मळीमुळं उत्पन्नात फरक पडतो असं सिद्ध होत नाही.

संचालकांना त्याचं सुखदुःख नव्हतं, एकानं घड्याळ बघितलं. पण कारखान्याचे शेतकी अधिकारी होते, वयस्कर, जाडजूड चष्म्याचे. त्यांनी दोन्ही वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवले होते. ते म्हणाले, डॉक्टर, मला एक खटकतंय. मळीचा वाफा गेल्या वर्षी दोन किलो होता, यंदाही दोनच आहे. शून्य तेवढं बाराशेवरनं दोन हजारांवर गेलं. बी आणि पाऊस चांगला होता तर मळीचा वाफा का नाही वाढला? शून्याच्या वाफ्यांत काही पडलं तर नाही ना? तसं असेल तर प्रयोगच बाद धरू, आणि मी स्वतः मंडळाकडं आणखी एक वर्ष मागतो.

साहेब वळून माझ्याकडं बघायला लागले.

ती नजर मी आजतागायत विसरलेले नाही. इतका शिस्तीचा माणूस, आकड्यावर खोडरबर न चालवणारा, आणि त्या घडीला त्यांच्या डोळ्यांत सरळ विनवणी होती. माझ्या हातून चूक झालेली असावी, अशी त्यांची इच्छा होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी मला माफही केलं असतं. मला तेव्हाही ते कळत होतं.

"बाई, मळी घातली त्या दिवशी तुम्ही जागेवर होता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होते साहेब," मी म्हटलं. "साडेसहापर्यंत. रजिस्टरला आहे."

"शून्याच्या वाफ्यात काही गेलं नाही?"

"नाही."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. साहेबांनी हळूच मान हलवली आणि फाईल मिटली. "मग प्रश्न मिटला," ते म्हणाले. आणि वर मंडळाला सांगितलं की पाटणेबाईंचं काम चोख असतं, त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. दोष मळीचा आहे, आणि माझ्या हट्टाचा, असं ते म्हणाले.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घातली की तानूबाईला वाचवायला मी गप्प बसले. साफ खोटं. तानूबाईला कुणी काय करणार होतं? रोजावरची बाई, फार तर उद्यापासून येऊ नको म्हणाले असते. मी माझी नोकरी वाचवली. दोन महिन्यांनी कायम झाले. तेहेतीस वर्षं केली ती नोकरी, निरोप समारंभात नारळ आणि शाल घेतली, आणि सगळे म्हणाले बाईंची एक चूक कुणाला सापडली नाही.

साहेबांनी मळीचा विषय पुन्हा काढला नाही. उन्हाळ्यात त्यांची बदली कृषी महाविद्यालयात झाली. जाताना मला त्यांची मातीची चाळणी देऊन गेले. मी ती कधीच वापरली नाही. एकदा त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आमच्याकडं आला होता, तो सांगत होता, सर पहिल्या तासाला स्वतःचंच उदाहरण देतात. म्हणतात, आपल्या कल्पनेच्या प्रेमात पडू नका, मी पडलो होतो आणि चौदा गावांना उगाच आशेला लावलं. मी त्या मुलाला चहा दिला आणि विषय बदलला. साहेब गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

बैठकीनंतर त्याच हिवाळ्यात गाळप सुरू झालं तशा मळीच्या गाड्या आमच्या रस्त्यानं भट्टीकडं जायला लागल्या. तानूबाई मला वाटेत गाठायची. गाड्या वर कधी वळायच्या? मी दोन-तीन वेळा नुसतं बघू म्हटलं. एक दिवस तिनं मला हाताला धरून आपल्या रानात नेलं. सगळे धोंडे वेचून तिनं कडेला ताल रचली होती आणि बांध फोडून गाडीवाट केली होती. एकटीनं. मग मात्र मला सांगावंच लागलं, की गाड्या यायच्या नाहीत. मळीचा गुण नाही असं साहेबांनी लिहून दिलंय.

तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्या चौघात कशानं पिकलं वो?"

जगात हा प्रश्न विचारणारी दोनच माणसं निघाली. एक ते अधिकारी, आणि एक ही. आणि हिला तर उत्तर ठाऊक होतं, तिनं आपल्या हातानं पाट्या ओतल्या होत्या. मी एकदा हो म्हटलं असतं, तर ती डोक्यावरनं पाट्या वाहून का होईना, मळी वर घेऊन आली असती. पण मग ती चार माणसांत बोलली असती, आणि ते फिरून माझ्या सहीपर्यंत आलं असतं.

"बी चांगलं होतं," मी म्हटलं. "बियाण्याचा गुण तो."

"साहेब म्हनले?"

"साहेबच म्हणाले."

तिनं मान हलवली. साहेब म्हणाले म्हणजे खरंच असणार. मग तिनं भीत भीत विचारलं, त्यातलं थोडं बी मला मिळंल का? प्रयोगाच्या शेंगा कोठीत पडूनच होत्या. मी तिला पायलीभर दिल्या. तिला इतका आनंद झाला की तिनं माझ्या तोंडावरनं हात ओवाळून बोटं मोडली.

जूनमध्ये तिनं ते बी आपल्या पट्टीत टोकलं. नुसतं बी. पूर्वी कुठनं कुठनं शेण-राख गोळा करून घालायची, ते सगळं त्या वर्षी तिनं परड्यातल्या मिरचीला घातलं. बी एवढं चांगलं असल्यावर रानाला कशाला हवं?

दसऱ्याच्या आधी ती ऑफिसात आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. ओटीतनं मूठभर शेंगा काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवल्या. मी एक उचलून दाबली. फट् वाजली. दुसरी दाबली. तिसरी. आत काहीच नव्हतं.

ती बिचारी मला सोडवायला बघत होती, माझी काही चूक नाही हे मला पटवून द्यायला.

"बी चांगलंच व्हतं, बाई," ती म्हणाली. "माझ्याच हाताला गुण न्हाई."